मैनासाठी पाहिलेलं घर

सातपूर, नाशिक
१२ एप्रिल १९९८

प्रिय मैना,

तुला आणि वाल्मीकरावांना आशीर्वाद, दिशाला गोड पापा. परवा तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोलले नाही, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. फोन शेजारच्यांचा, त्यांच्याकडे पाहुणे बसलेले, टीव्ही चालू, आणि आई माझ्या खांद्याला खांदा लावून उभी. तू म्हणालीस की अक्षय्य तृतीयेला भोसरीच्या फ्लॅटचे बुकिंगचे पैसे भरणार आणि त्याच आठवड्यात वाल्मीकराव कंपनीत बदलीसाठी पुण्याचं लिहून देणार. मग तू विचारलंस, "ताई, तुला बरं वाटलं ना?" मी हो म्हटलं आणि रिसीव्हर आईच्या हातात दिला. तेव्हापासून काही गोड लागत नाही. कारखान्यात लाइनवर स्विच जोडताना काल दोनदा स्प्रिंग उलटी बसवली, सुपरवायझर म्हणाला, साधनाबाई, बरं नसेल तर घरी जा. आज सुट्टी आहे आणि आई शेजारच्या धोंडाबाईंबरोबर भजनाला गेली आहे, म्हणून लिहायला बसले.

आधी इकडची खुशाली. आईचे गुडघे उन्हाळ्यात जरा बरे असतात. डोळ्याचं ऑपरेशन ती पावसाळ्यावर ढकलते आहे. माझी या महिन्यात पहिली पाळी आहे, त्यामुळे दुपारी घरी येते. आई माझ्यासाठी जेवायची थांबते. कितीदा सांगितलं, ऐकत नाही. आल्यावर विचारते, आज काय झालं कारखान्यात, आणि मीही सगळं सांगत बसते, कोणाचं कोणाशी वाजलं, कोणाच्या मुलीला स्थळ आलं. आमचं दोघींचं हेच करमणुकीचं साधन. तुला हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं समजायला ते लागेल.

संक्रांतीला तू आली होतीस तो दिवस मला सारखा आठवतो. वाल्मीकरावांचा ठाण्याचा कारखाना बंद होणार, ज्यांना नोकरी टिकवायची त्यांनी सातपूर नाहीतर भोसरी निवडायचं, ही बातमी तू घाबरत घाबरत सांगितलीस आणि सांगता सांगता तुझाच चेहरा उजळला. कळव्याच्या त्या एका खोलीत, सार्वजनिक नळावर भांडून पाणी भरत इतकी वर्षं काढलीस. तू म्हणालीस, "ठाण्यात आमचं या जन्मात घर होत नाही. नाशिक काय, पुणं काय, कुठंतरी स्वतःचं स्वयंपाकघर होईल." वाल्मीकरावांचे काका भोसरीला, आम्ही दोघी इथं. त्यांनी सगळं तुझ्यावर सोडलं आणि तू माझ्यावर. "ताई, नाशिकची घरं तू बघ. तू म्हणशील तसं करू." निघताना बसच्या खिडकीतून पुन्हा तेच सांगितलंस.

मी मनापासून बघितली गं. कामावरून सुटले की सरळ घर न गाठता कुठं कुठं फिरले. पाथर्डी फाट्याला एक इमारत होती, तिथं टँकर आला तरच पाणी. सिडकोतलं एक घर बरं होतं, पण तुमच्या आवाक्यात येणारं ते चौथ्या मजल्यावर, म्हणजे आईला तुझ्याकडे यायचं म्हटलं की गुडघ्यांचे हाल. अंबडजवळ एका बिल्डरनं नकाशा दाखवला, जागेवर नुसते खड्डे. मग फेब्रुवारीत मला सहादूमामा भेटले. दादांच्या मळ्याच्या बांधाला बांध लागून ज्यांची जमीन ते सहादूमामा, आपल्याला लहानपणी गाजरं उपटून द्यायचे ते. आनंदवलीची त्यांची जमीन त्यांनी बिल्डरला दिली आणि बदल्यात त्याच इमारतीत काही फ्लॅट घेतले. त्यातला एक त्यांना विकायचा होता. दादांचं नाव घेऊन म्हणाले, "लहानूच्या पोरीला देतो म्हटल्यावर मी काय भाव लावणार? परवडंल तसं बघू."

मी तो फ्लॅट बघून आले, मैना. तळमजल्याचा आहे. दोन खोल्या आणि वेगळं स्वयंपाकघर, ओट्यासमोर खिडकी. मागचं दार उघडलं की मामांनी स्वतःसाठी राखलेला जमिनीचा तुकडा. तिथं अजून झेंडू लावतात, मेथी लावतात. सातपूरला वाल्मीकराव सायकलनं जातील इतकं जवळ, आणि दिशाची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. पाण्याची टाकी मी वर चढून बघितली. बाहेर आले तेव्हा इतका आनंद झाला होता की रिक्षा न करता चालत घरी निघाले. वाटेत मनात तुझी भांडीसुद्धा लावून झाली होती.

घरी पोचले तर आईनं गादी उन्हात टाकलेली. कपाटातला एक कप्पा रिकामा केलेला, तिची लुगडी एका गाठोड्यात बांधलेली. मी विचारलं, हे काय चाललंय. ती म्हणाली, "मैना आली की मी तिकडंच राहीन म्हणते. दिशाला शाळंतून आणाया कुणी पाहिजे का नको? रोजची ये-जा करण्यापरीस रातचं बी तिथंच पडंन. तू बी सुटशील, माझ्यामागं किती दिस बांधून घेशील." हसत हसत म्हणाली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मला आज कळतं. त्या क्षणी मला फक्त ते गाठोडं दिसलं.

दिशाच्या वेळी आई तुझ्याकडे कळव्याला राहिली होती, आठवतं? बारसं झालं, कान टोचले, तरी तू तिला सोडलं नव्हतंस. तेव्हा मी पाळी सुटल्यावर सातपूरच्या स्टॉपवर बसून राहायचे. आपली बस यायची, जायची, मी उठायचे नाही. घरी जाऊन कुलूप उघडायचं आणि आपला आपण दिवा लावायचा, एवढंच काम बाकी असायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. माझं लग्न राहून गेलं त्याचं मला आता काही वाटत नाही, खरंच नाही. पण ते दिवस परत नकोत असं मात्र फार आतून वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीडी बूथवरून तुला फोन केला आणि म्हणाले, "नाशिकमध्ये मनासारखं काही दिसत नाही गं. परवडतं तिथं पाणी नाही, पाणी आहे तिथं जिने. बिल्डर लोकांचा भरवसा नाही. दिशाच्या शिक्षणाच्या दृष्टीनंही पुणंच बरं." यातलं एकेक वाक्य खरं होतं, पण ते बाकीच्या घरांबद्दल होतं. तू म्हणालीस, "मनापासून सांगतेस ना ताई?" मी म्हटलं, मनापासून. आनंदवलीचं नावसुद्धा काढलं नाही. आणि घरी येऊन आईला सांगितलं की जावईबापूंना पुणंच पाहिजे. त्या बिचाऱ्या माणसाच्या नावावर खपवलं. आई म्हणाली, "त्यांचं त्यांना ठाऊक," आणि गाठोडं सोडून लुगडी परत कप्प्यात ठेवली.

होळीनंतर तू आईला फोन केलास तेव्हा मी कामावर होते. नंतर तू मला म्हणालीस, "आईनं एकदासुद्धा इकडं ये म्हटलं नाही. उलट म्हणाली, पुण्यालाच जा, इथं काय ठेवलंय. तिला मी जवळ नको आहे का गं?" मी तुझी समजूत घातली, की म्हातारं माणूस आहे, काहीतरी बोलून जातं. मनातून मलाही कोडं पडलं होतं. गाठोडं बांधून बसलेली बाई असं कसं म्हणेल? पण मला ते सोयीचं होतं, म्हणून मी विचारलं नाही.

गेल्या रविवारी सातपूरच्या भाजीबाजारात सहादूमामा भेटले. मी मान वळवून निघाले होते, त्यांनीच हाक मारली. म्हणाले, "ते घर अजून दिलं नाय बरं का. नवसाबाईला आवडलं होतं, म्हणून थांबलो." मी म्हटलं, आईला कुठं भेटलात? तर म्हणाले, "आली होती ना घर बघाया. होळीच्या आधी. बाजारात माझ्याकडून कळलं तिला, की तू बघून गेलीस म्हणून. तशीच माझ्यासंगं रिक्षात बसली. समदं घर फिरून बघितलं, मागच्या वाफ्यात बसून झेंडू खुडू लागली मला. जाताना म्हणाली, साधनाला सांगू नको मी आले होते. मला वाटलं, तुम्हा मायलेकींचं काय ठरलं असंल."

मैना, म्हणजे होळीनंतर तुझा फोन आला तेव्हा आईला सगळं माहीत होतं.

घरी आले. आई मेथी निवडत बसली होती. मी पिशवी हातात तशीच धरून विचारलं, "तू आनंदवलीला गेली होतीस?" तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "गेले होते. चांगलं घर हाय." मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तू का नाय बोललीस?" मी तिच्यासमोर खाली बसले. मग तीच म्हणाली, "मैनाला नवरा हाय, लेकरू हाय, ती कुठं बी रमंल. तू कामावरून येतीस तवा घरात कुणीतरी पाहिजे. अन् खरं सांगू का, मला बी बरं वाटलं. कुणाला मी इतकी पाहिजे असंल असं वाटलं नव्हतं." मी रडायला लागले तर म्हणाली, "रडू नको, चहाला आधण ठेव. मलाबी घे घोटभर."

तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिनं काहीच ठेवलं नाही मनात, आणि त्यामुळे माझ्या मनातलं हलत नाही. मी तुला खोटं सांगितलं, ते एक. पण माझं खोटं टिकावं म्हणून त्या बाईनं स्वतःच्या लेकीला "इकडं येऊ नको" म्हटलं, नातीला शाळेतून आणायची आस सोडून दिली, आणि तुला वाटू दिलं की तू तिला नको आहेस. मळा सुटल्यापासून ती मातीत बसली नव्हती. त्या वाफ्यात बसून तिला काय वाटलं असेल, याचा विचार आला की हातातलं काम थांबतं.

आता हे पत्र कशासाठी लिहिते ते सांगते. काल मी आनंदवलीला जाऊन आले. सहादूमामांना सगळं सांगितलं, लाज वाटली तरी सांगितलं, आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत ते घर दुसऱ्या कुणाला देऊ नका अशी विनंती केली. त्यांनी कबूल केलं आहे. शाळेतही चौकशी केली, दिशाच्या वर्गात जागा आहे. येत्या शनिवारी तुम्ही तिघं या. भोसरीचे पैसे भरण्याआधी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी हे घर बघा. त्यानंतर वाल्मीकरावांना पुणंच बरं वाटलं तर खुशाल जा, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही, आणि उन्हाळ्यात आईला स्वतः तुझ्याकडे आणून सोडीन. आनंदवली घेतलीत, तर तिला दिवसा राहू दे, रात्री राहू दे, तिला वाटेल तितकं राहू दे. मला तेव्हा जड जाईल, ते तुझ्यापासून लपवत नाही, पण त्याचं ओझं तुम्ही कुणी घेऊ नका. माझ्यावर किती रागवायचं ते तू ठरव. फक्त एक ऐक. या पत्राचं आईला माहीत नाही. फोन करून तिला विचारू नकोस. विचारलंस, तर ती पुन्हा पुणंच म्हणेल.

रागावलीस तरी तुझीच,
ताई