ती दाढ नव्हतीच

बाबा,

तुमचा फोन घरातच राहिला, म्हणून ही चिठ्ठी. आईंना चौकातल्या हॉस्पिटलात नेतेय, ॲम्ब्युलन्स दारात आहे. आठ दिवस दाढ दुखते म्हणत होत्या, ती दाढ नव्हतीच. आज जबडा, पाठ दुखून घामाघूम झाल्या. डॉक्टर फोनवर म्हणाले, "बायकांना हार्ट अटॅक कधी असाही येतो, छातीत कळ येतेच असं नाही. त्यात त्यांना शुगर आहे."

माझ्याही लक्षात आलं नाही, तेव्हा स्वतःला बोल लावू नका. तुमची बीपीची गोळी घेऊनच निघा.

स्ट्रेचरवरून आई म्हणाल्या, "सकाळी मला 'नाटकं करतेस' म्हणाले, ते मी मनाला लावून घेतलेलं नाही म्हणावं. फक्त लवकर या."

तुमची सूनबाई