शनिवारचं तेल

ता. ५ मार्च १९४३, शुक्रवार. जळगाव

ऑइलचं परमिट एकदाचं मिळालं. डबा उद्या सकाळी येणार. म्हणून संध्याकाळी शेठांची मोटार गरम असतानाच इंजिनाच्या तेलाच्या चेंबरचं बूच खोललं. जुनं तेल डांबरासारखं काळं. रात्रभर निथळू दे, आधीचे ड्रायव्हर, माझे उस्ताद, असंच करायचे. ते लष्करात गेले आणि गाडी माझ्याकडे आली. लायसन्सचं शेठ बघतो म्हणालेत. बघतो, बघतो.

उस्तादांची दुसरी शिकवण : चेंबर रिकामं असलं की चाकाला, म्हणजे हातातल्या, फडकं बांधायचं, कुणी गाडी सुरू करू नये म्हणून. बांधलं.

असोद्याचा नथू गाडीवाला काळं तेल घेऊन गेला. त्याच्या बैलगाडीच्या आसाला वंगण. दर वेळी नेतो, दर वेळी केळी आणायचं कबूल करतो.

ता. ६, शनिवार

डबा आला नि फाटकातच अडला. शेठांच्या आई, माजी, काठी आडवी धरून उभ्या. "आज थावर है! शनिवारी तेल घरात?"

म्हटलं, माजी, हे खायचं तेल नाही. इंजिनाचं.

"शनिमहाराज काय डब्यावरचं इंग्रजी वाचतात?"

म्हटलं, गाडी ढकलत रस्त्यावर नेतो, तिथं ओततो. तर म्हणे, "गाडी घरची ना? तिच्या पोटात गेलं म्हणजे घरातच आलं." मोठे शेठ मुंबईला. घरात माजींचंच राज्य.

डबा शेठांच्या जिनात, सरकीच्या कारखान्यात, नेला. हल्ली ऑइल सोन्यापेक्षा लवकर चोरीला जातं, म्हणून दिवसभर त्याच्याजवळ बसलो.

संध्याकाळी परत आलो तर गाडी जागेवर नाही. तेवढ्यात छोटे शेठ, शेठांचे धाकटे भाऊ, गाडी घेऊन फाटकातून आत. दोस्ताला स्टेशनवर सोडून आले. बॉनेटमधून जळका वास. हातातलं फडकं माझ्याकडे फेकलं. "काय रे सुकलाल, घाणेरडं फडकं बांधून ठेवतोस चाकाला. हात पुसले मी त्याला."

म्हटलं, तेल नव्हतं आत.

हसले. मग हसायचे थांबले. "दादांना बोलायचं नाही."

ता. ७, रविवार

नवीन ऑइल भरलं. मधासारखं. सेल्फ मारला. नुसती उभी असताना ठीक. जरा रेस दिली की खालून टक टक टक.

सोडली की बंद. दिली की परत.

ता. ८, सोमवार

स्टेशनजवळच्या मिस्त्रींना ऐकवली. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला लावून दुसरं टोक कानात धरलं. मग म्हणाले, "बेअरिंग भाजलं. गावात फिरव हळूहळू. लांब नेऊ नको."

लांब म्हणजे किती?

"धुळ्यापर्यंत जाईलही. नाहीतर पारोळ्याच्या अलीकडे बसेल जाम होऊन."

त्यांनी धुळंच का म्हटलं कुणास ठाऊक. काम करायला जागा रिकामी नाही, महिनाभर लष्कराचे ट्रक आहेत म्हणाले.

ता. १२, शुक्रवार

आता कळलं. भाभी, म्हणजे छोट्यांची बायको, पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणार. माहेर धुळ्याला. पोट पार पुढे आलंय. चालताना भिंत धरतात. आणि गाडी मी चालवायची.

जोशीबुवांनी दिवस काढला : शनिवार २०, सकाळी. शुक्रवारी-रविवारी पश्चिमेला निघायचं नाही, दिशाशूल. शनिवारी चालतं.

छोट्यांना गाठलं. म्हटलं, तुमचीच माणसं आहेत गाडीत. म्हणाले, "मला नाही येत आवाज. तुझे कान फुटलेत." मग हळूच, "दादांना कळलं तर मला दुकानातून काढतील रे."

आणि वाटेत बंद पडली तर?

"नाही पडत."

ता. १४, रवि.

आक्काला, थोरल्या बहिणीला, बाळंतपणाला बैलगाडीतून दोंडाईच्याला नेलं होतं तेव्हा मी मागून चालत होतो. आसाचं वंगण संपलेलं, चाक करकर वाजत होतं. आबा म्हणे चालेल, पोचू. ती पोचली नाही. अजून ती करकर

पुढचं लिहीत नाही.

ता. १५, सोम.

आज वाटलं, सरळ भरतीला जावं. उस्तादांसारखं. गाडी जाणे, शेठ जाणे. चौकापर्यंत गेलोही. मी निघताना भाभींनी विचारलं होतं, "सुकलालभाई, धुळ्याचा रस्ता फार खडबडीत आहे का?" म्हटलं, सावकाश नेईन. तोंडून निघून गेलं. परत आलो.

ता. १८, गुरुवार

मोठे शेठ मुंबईहून आले, त्यांच्यासमोर उभा राहिलो. गाडीत आवाज आहे, भाभींना रेल्वेने न्या, म्हटलं.

छोटे तिथंच गादीवर. मान खाली.

शेठ म्हणाले, "छोटा सांगत होता, तुला लष्करात जायचंय. म्हणून आता गाडीत खोड निघाली?"

चला, ऐकवतो, म्हटलं. आले. गाडी उभी. मी हळूच रेस दिली, टक टक. शेठ म्हणाले, "मोटार आहे, वाजणारच. जिनातली मशीनं काय गाणी गातात?" माजी वरून म्हणाल्या, रेल्वेत सोल्जर कोंबलेत, चाळीसगावला गाडी बदलायची, पोटुशी पोर चेंगरेल.

त्यांचंही खोटं नाही.

नाव घेतलं नाही छोट्यांचं. घेतलं असतं तरी भाऊ खरा की ड्रायव्हर?

मन्ह काय चुकनं?

ता. १९, शुक्रवार

दिवसभर गाडी धुतली, पुसली. कॅनव्हासची पिशवी पाण्याने भरून पुढे टांगली. भाभींसाठी मागे गादी घातली. सगळं तयार.

दिवस कलला तसा गाडीखाली गेलो आणि बूच खोललं.

नथूला निरोप धाडला होता. तेलाचा बुधला घेऊन आला. बोटाला लावून बघितलं. "अरे भो, हे त काळं नाही, सोन्यावानी हाये! खराब कुठं झालं?"

ली जा, म्हटलं. ईचारू नको.

तो गेला. आता गावात दुसरा डबा नाही, परमिट नाही. मिळाला तरी उद्या शनिवार. परवा दिशाशूल.

उद्या माझी नोकरी जाईल. लायसन्स तर गेलंच समज. चोर म्हणतील. दोंडाईच्याला आबांना कोण काय सांगेल.

फडकं बांधलं. तीन गाठी.

ता. २०, शनिवार. सकाळी, फूटबोर्डवर बसून

माजी सगळ्यात आधी आल्या, हातात ताट, हळद-कुंकू, नारळ. गाडीची पूजा करायला. फडक्याकडे बघून, "ये काय?"

तेल काढलंय माजी.

"आज? आज थावर!"

म्हणून तर, म्हटलं.

ताट बॉनेटवर ठेवलं त्यांनी. शिव्या येतील म्हणून मान खाली घातली. आल्या नाहीत. "तू त्या दिवशी खरं बोलत होतास?" एवढंच. हो म्हटलं. त्यांनी वर बघून हाक मारली, शेठांना.

रेल्वेला अजून वेळ आहे. मुहूर्तही आहे. भाभींची पेटी ओट्यावर, त्या तिच्यावर बसून. स्टेशन जवळ आहे. चाळीसगावला मी स्वतः जागा धरून देईन, नेऊ दिलं तर.

छोटे खाली आले. फडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. या वेळी फडक्याला हात लावला नाही. जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले.

मोठे शेठ जिना उतरतायत.