दौलतची जॉयस्टिक

४ ऑक्टोबर १९९३
आदिलाबादेत नोकरी लागली एकदाची! बसस्टँडमागे सुधाकररावांचं व्हिडिओ गेमचं दुकान आहे. चार टीव्ही, चार जॉयस्टिक आणि दिवसभर गलका. गावाकडे जैनथला उन्हात कापूस वेचण्यापेक्षा लाखपटीने बरं. जत्रेतल्या मशीनवर मला, या नागनाथला, आजवर कुणी हरवलेलं नाही, हे मालकांना आल्याआल्याच सांगून टाकलं. ते नुसते हसले.

११ ऑक्टोबर
इथे उठता-बसता दौलत. माझ्याआधी दुकान तो सांभाळायचा. उन्हाळ्यात तापाने गेला. शुद्ध हरपली तरी अंगठा बटण दाबत होता म्हणे. आज मी शेवटचा टप्पा पार केला, तर गिऱ्हाईकं म्हणाली, दौलत हे गप्पा मारत करायचा. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मेलेल्या माणसाचा हेवा करायची वेळ यावी ना! त्याची लाल मुठीची जॉयस्टिक कपाटात जपून ठेवलीय. सगळी करामत तिच्यातच असणार.

२४ ऑक्टोबर, दसरा
शेतात अवजारं पुजतात तशा इथे जॉयस्टिक पाटावर मांडून पुजल्या. दौलतचीसुद्धा. सुधाकररावांनी बजावलं, "उद्या पूजा हालवल्याबिगर कशालेच हात नको लावू. आज जे ज्याच्या हातातलं, तो मेला तरी ते त्याचंच असते." ते सोनं वाटायला गेले आणि मी दौलतचीच उचलून जोडली. बोटं हळदकुंकवाने माखली. पण असा खेळलो की काय सांगू! त्याचा विक्रम मोडला.

२५ ऑक्टोबर
दुकानात ही गर्दी. सगळे बघत होते ते माझ्या हाताकडे. एक जण म्हणाला, "दौलतच खेळून राह्यला." नागनाथ म्हणून कुणी हाकही मारली नाही. फार झोंबलं.

२७ ऑक्टोबर
उजवा हात घास कालवतो, तोंडापर्यंत आणत नाही. मालकांना सगळं कबूल केलं. पूजा मोडून तू दौलतचा हात मागून घेतलास, म्हणाले—

२८ ऑक्टोबर
डाव्या हाताने लिहितोय. उजवा झोपेतही बटणं दाबतो. लोक त्याच्यासाठी येतात. मी माझ्याच हातावर जळतोय—

२९ ऑक्टोबर
उजवा खाटेला बांधला. आता कळलं, हेवा दौलतलाही आहे. डावा अजून माझा आहे, तेवढंही त्याला बघवत—
गाठ सुटली. उजवा वहीवर आला. डाव्याची बोटं एकेक करून पेनवरून उचल—