मुक्ताच्या थंड गावाबद्दल माझं म्हणणं

८ नोव्हें., शनि.
मी बोलते, मु. लिहिते. मु. म्हणजे माझी नात मुक्ता. स्वतःचं नाव पुरतं लिहायचाही हिला कंटाळा. मला अक्षर येत नाही, त्यामुळे काय लिहिते ते हिलाच ठाऊक.
आज जेवताना कळलं. कॅनडात विनिपेग म्हणून गाव आहे, तिथल्या युनिव्हर्सिटीने हिला बोलावलंय. तीन वर्षांची नोकरी. काम काय, तर कमी विजेत घरं गरम कशी ठेवायची. इथे क्लेमेंटीत, बारमाही उकाड्याच्या या बेटावर, चार वर्षं घरं गार कशी ठेवायची ते शोधलं, आता उलटं. थंडी किती, विचारलं. उणे तीस. म्हणजे शून्याच्याही खाली. शून्याखाली काही असतं हे मला आजच कळतंय.
वीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. अ. माझ्याकडे बघायला लागला. अ. म्हणजे माझा मुलगा अजित, हिचा बाप. सूनबाईही. मग ही म्हणाली, "आजी, तू नको म्हणालीस तर मी नाही जाणार."
घोंगडं माझ्या गळ्यात टाकून बाईसाहेब भात वाढून घ्यायला मोकळ्या.

९ नोव्हें., रवि.
सकाळपासून चौकशी केली. नदी गोठते, तिच्यावरून माणसं चालतात. गाडीला रात्रभर प्लग लावून ठेवायचा, नाहीतर सकाळी सुरूच होत नाही. म्हणजे म्हशीला वैरण घातल्यासारखंच. एका इमारतीतून दुसरीत जायला वरून पूल बांधलेत, रस्त्यावर उतरायलाच नको. मी म्हटलं, बाहेर पडायचं नसेल तर गाव वसवलंच कशाला? जरा खाली सरकून वसवायचं, जागेला काय तोटा होता?
मु. म्हणे, इथे तरी काय पिकतं? भाजी बाहेरची, पाणी पलीकडच्या देशातून, जोहोरकडून पाइपातून, गारवा एसीतला. "एसी बंद पडला की दहा मिनिटांत कोण हाका मारतं?"
हे लिहू नकोस म्हटलं. लिहितेय.

११ नोव्हें., मंगळ.
काल डिंकाचे लाडू केले. थंडीचं खाणं इथूनच अंगवळणी पडावं म्हणून. बाहेर ऊन रणरणतंय. मु.ने एक खाल्ला, अ.ने चव बघता बघता पाच. आज त्याचं तोंड आलंय. बँकेतल्या मीटिंगमध्ये नुसती मान हलवत बसला म्हणे. सूनबाई हसत म्हणाली, "आई, हे तिकडे गेल्यावर करून खायचे असतात."
गेल्यावर. म्हणजे हिच्या मनात पोरगी जाऊन पोचलीसुद्धा.

१४ नोव्हें., शुक्र.
चौथ्या मजल्यावरच्या शू आजी संध्याकाळी ब्लॉकखाली बाकावर बसतात. चीनमधल्या हार्बिनच्या, इथे मुलाकडे असतात. आम्ही दोघी हातवाऱ्यांवर भागवतो. आज त्यांची शाळकरी नात बरोबर होती, म्हणून मु.ला मध्ये घालून विचारून घेतलं. तुमचं गावही तसलंच थंड, एवढी माणसं राहतात कशी?
बाईंनी फोन काढला. बर्फाचे महाल, आत दिवे. रस्त्यावर काळी ठिक्कर नासपतीची फळं विकायला, दगडासारखी गोठलेली. फ्रीज लागत नाही, गॅलरीत ठेवायची. दाखवता दाखवता डोळे भरून आले. नात आजीला नायनाय म्हणते. म्हणाली, "नायनायला थंडीची आठवण येते. इथे वर्ष कधी बदललं तेच तिला कळत नाही."
थंडीसाठी रडणारं माणूस पहिल्यांदा बघितलं. मी रुमाल दिला. वर येताना लिफ्टमध्ये मु.ला म्हटलं, एका बाईला आवडतं म्हणून काही सिद्ध होत नाही. तिने नुसतं मजल्याचं बटण दाबलं. शहाणी आहे.

१६ नोव्हें., रवि.
आज अ. लिहितोय. मु. बाहेर गेलीय. याच्या ओळी चढावर जातात, एवढं मलाही दिसतं.
अधूनमधून मी वही दुसऱ्याकडून वाचून घेते. आजही घेतली. पोरीने शब्द न् शब्द खरा उतरवलाय. फक्त नऊ तारखेच्या पानामागे, बारीक अक्षरात, तिचं स्वतःचं: "आजी, हे थंडीबद्दल नाहीये ना? खरं काय ते सांग."
मला वाचता येत नाही हे माहीत असून मला चिठ्ठी लिहिली.
अ.ने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "आई, मी इकडे आलो तेव्हाही तू हवेचंच निमित्त काढलं होतंस." काढलं होतं. जिथे लोणच्याला बुरशी येते तिथे माणसाचं काय होणार, म्हणाले होते. नंतर वर्षभर याच्या फोनवर आले नाही. कान दुखतो म्हणून सांगायचे. वर्षभर दुखला.
तर खरं. लिही रे. रविवारी मु. माझा पाय मांडीवर घेऊन नखं कापते. मला वाकवत नाही. सून कापेल, तूही कापशील. पण ही कापताना बोलते. तीन वर्षं तिला थोडी वाटतात. माझ्याकडे तीन आहेत की नाहीत, कुणाला विचारू?
थांब. डोळे पूस आधी, वही भिजेल.

१९ नोव्हें., बुध.
पुन्हा मु. अ.चं पान वाचून झालंय तिचं. नाक लाल आहे. हेही लिही.
थंडीचं मला अजून पटलेलं नाही. एवढं मोठं गाव तिथे नसतं तर बरं झालं असतं. पण माणसं आहेत, लेकरंबाळं आहेत, आणि त्यांच्या घरांत ऊब राहावी म्हणून कुणीतरी खपायला हवं, हे कळतं. ते कुणीतरी माझ्याच घरातलं का, हे कळत नाही.
तू जावंस असं मला वाटत नाही. आणि माझ्यामुळे राहावंस, असंही वाटत नाही. दोन्ही लिही. पहिलं गाळू नकोस.
"मग मी काय उत्तर देऊ?"
मी म्हटलं, ते तुझं तू ठरव. मी एकदा कान दुखवून घेतलाय, पुन्हा नाही.
बराच वेळ लॅपटॉपसमोर बसली होती. आत्ता काहीतरी लिहून झालंय. दोनच ओळी आहेत, ते मला इथून दिसतं. पाठवलेलं नाही म्हणते.
"वाचून दाखवू?" विचारतेय.
थांब म्हटलं जरा. बस अशी इथेच.