दम लागला की फोन

१० नोव्हेंबर, सोमवार

गिरधरभाऊंच्या विम्याच्या क्लेमचं काम आज संपलं. त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांच्या बायकोने, अनुसयाबाईंनी चहा दिला आणि कप पुढे करताना म्हणाल्या, "भाऊ, तुमी तरी तब्येतले जपा." मी मान हलवली.

गिरधरभाऊ माझ्याच वयाचे. रोज सकाळी तापीच्या पुलावर माझ्या पुढे चालायचे. केळीच्या बागेला पाणी द्यायला गेले, बांधावर बसले — ते बसलेच. हार्ट अटॅक. मी इतकी वर्षं पॉलिसी विकताना लोकांना सांगत आलो, आज आहे उद्या नाही. पाठ झालेलं वाक्य. आता ते कुणीतरी मलाच ऐकवतंय असं वाटतं.

१३ नोव्हेंबर

पुन्हा छातीत दुखलं. डावीकडे. ऑफिसचा जिना चढताना कुणी आतून मूठ आवळल्यासारखं झालं. मयूरीला सांगितलं नाही. बायकोला एकदा सांगितलं, की ते खरं होऊन बसतं.

१४ नोव्हेंबर

ईसीजी काढायचं सकाळी ठरवलं. दुपारी रद्द. काढला नाही तोवर मला काही झालेलं नाही — असं माझ्यासमोर दुसरं कुणी बोललं असतं तर मी त्याला तासभर समोर बसवून झाडला असता.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळचं फिरणं सोडता येत नाही. पाटीवर 'आर्थिक सल्लागार' असलं तरी सारंगखेड्याला मी पॉलिसीवालाच, आणि पॉलिसीवालाच धापा टाकताना दिसला तर लोकांनी काय समजायचं? म्हणून एक युक्ती काढली आहे. दम लागला की थांबायचं आणि फोन कानाला लावायचा. "हां, बोला साहेब." पलीकडे कुणी नसतं.

मयूरीही सोबत असते. ती मधे मधे लोकांच्या कुंपणावरची जास्वंद तोडायला थांबते. आमच्या देवघरात हल्ली फुलांखाली देव दिसत नाहीत. पण बरंच आहे, तेवढाच मला श्वास मिळतो.

१९ नोव्हेंबर

पुलावर घोडे दिसायला लागले. घोडेबाजाराची जत्रा जवळ आली. टापा ऐकल्या की हात आपोआप छातीवर जातो.

२३ नोव्हेंबर, रविवार

तोरणमाळला जाऊन आलो. तिथल्या ओळखीच्या वीरसिंगच्या पाड्यावरची माणसं गुजरातेत ऊसतोडीला निघण्याआधी मी दरवर्षी जातो. अपघात झाला तर पहिलं काय करायचं, विम्यासाठी कुणाला कळवायचं — तोंडी, पुन्हा पुन्हा सांगतो. धंदा म्हणा, सेवा म्हणा, या एका कामाचा मला अभिमान आहे. मयूरीला तलाव पाहायचा होता, म्हणून तीही आली.

गाडी रस्त्यावर ठेवून पाड्याची वाट चढायला लागलो. अर्ध्यात छाती आवळली. फोन काढला. "हां साहेब, हां, संध्याकाळी बोलू." आम्हाला घ्यायला खाली आलेला वीरसिंग शांतपणे उभा होता. मी फोन खिशात टाकल्यावर म्हणाला, "साहेब, इथं रेंज नाय येत. आम्हाला फोन लावायला पार वर जायला लागतं."

हसला असता तरी चाललं असतं. हसला नाही. म्हणाला, "दम लागला तर बसायचं ना, साहेब. डोंगर कुठं पळून नाय जात."

मी घामाने भिजलो होतो. मागे मयूरी दगडावर बसली होती, चपलेत काटा गेला म्हणे. वीरसिंगची बायको सोनीबाई तिला पाणी देत होती. मयूरीने ऐकलं असेल का?

२४ नोव्हेंबर

ऐकलंच होतं. मयूरीने भाकरी थापता थापता विचारलं, "कवयपाईन दुखी ऱ्हायनं?"

केव्हापासून दुखतंय, काय होतंय, सगळं सांगितलं. सांगता सांगता रडलो. वाटलं, आता रागावेल. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "चाला, मी बी तपासी लेस. दोन्हीजन संगेच. मंग तुमले भ्याव वाटाव नही."

मुलाला कडू औषध द्यायच्या आधी आई स्वतःच्या तोंडाला चमचा लावते, तसं.

२६ नोव्हेंबर

उद्या तपासणीला नंदुरबारला जायचं. दिवसभर कामात लक्ष नाही. एका गिऱ्हाइकाला दोनदा तेच सांगितलं, तो बिचारा दोन्ही वेळा हो म्हणाला.

भीती मरणाची आहेच, पण त्याहून जास्त, मागे राहणाऱ्या मयूरीचं काय होईल याची आहे. मी नसलो तर कुठे जायचं, कुणाला भेटायचं, हे तिला समजावायला बसलो. ती म्हणे, "पहिले माले भाजी निवडू द्या." ऐकायला तयार नाही. आणि मला तर ऐकवायलाच हवं. या घराची सगळी आखणी मी आधी जाणार, असं धरूनच मी केली आहे.

२७ नोव्हेंबर

माझं हृदय ठणठणीत. पित्त आणि भीती, असं डॉक्टर म्हणाले.

मयूरीला त्यांनी दवाखान्यात ठेवून घेतलं आहे. घरी नेऊ नका म्हणाले, तिच्या हृदयाला धोका आहे. मला विचारलं, "यांना चालताना दम कधीपासून लागतो?" ती फुलं तोडायला थांबते, एवढंच मला माहीत होतं.