दुसरा होकार

प्रिय हट्टोबा,

तुझ्या जुन्या ईमेलवर पाठवलेलं सगळं परत येतं, म्हणून शेवटी तुझ्या ताईंकडून तुझा पत्ता उकळला. आधी त्यांनी आढेवेढे घेतले, मग दिला. तू दाढी वाढवलीयेस, हे मात्र न विचारता सांगितलं. मला काय त्याचं, असं मी म्हणाले आणि दिवसभर डोळ्यांसमोर तू दाढीतच दिसत राहिलास.

ड्रायक्लीनरच्या दुकानावरची आपली खोली मी सोडलेली नाही. खालून वाफेचा वास येतो, तुझी खुर्ची अजून डावीकडे कलते. आपण दोघांनी लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम वापरणारी माणसं आजही एका जेवणाच्या टेबलाभोवती मावतील. त्यातले गुरांचे डॉक्टर सगळ्यांत खमके. निवृत्त झालेत, त्यामुळे तक्रारींना सवडच सवड. त्यांच्या एका जुन्या डिस्कवर वारलेल्या बायकोचे फोटो होते आणि आपल्या सिस्टीमला ती डिस्क वाचताच येत नव्हती. नवी फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्क वाचायची नवी रीत, आली की ती कर्नलमध्ये, म्हणजे पार गाभ्यात घालायची, हा तुझा हट्ट. तिथे एक चूक झाली की सगळं मशीन आडवं. मी तुझं डोकं खायचे, की तिला बाहेर राहू दे, साध्या प्रोग्रॅमसारखी. कर्नलने विचारावं, तिने उत्तर द्यावं, पडली तर एकटी पडेल. तू म्हणायचास, बाहेरच्यांवर विसंबायचं नाही. आणि मग ती लांबची नोकरी घेऊन तूच बाहेर गेलास.

तर, ते काम झालं. सिस्टीमच्या माझ्या कच्च्या प्रतीवर डॉक्टरांची डिस्क उघडली. त्यांनी एकही तक्रार केली नाही, नुसतं कळवलं की फोटोत ती बागेत उभी आहे. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. सांगायला तू हवा होतास.

मग मी तो बाहेरचा प्रोग्रॅम मुद्दाम बंद पाडला. मशीनला काही झालं नाही, जिंकले मी. पण ज्या खिडकीतून फाइल मागितली होती ती हँग झाली, उत्तराची वाट बघत. डॉक्टर म्हणाले, बाई, जनावरसुद्धा इतकं ताटकळत नाही, काहीतरी मर्यादा घाला. घातली. थोडं थांबायचं, मग उत्तर आलं नाही असं सांगून मोकळं व्हायचं.

आता एकच अडलंय. हे सगळ्यांच्या प्रतीत घालायचं तर बाहेर विचारायला कर्नललाही शिकवावं लागतं, आणि कर्नलला हात लावायचा तर दोघांचा होकार हवा, हा नियम तुझा, आणि दुसरं नाव अजून तुझंच आहे. डॉक्टर म्हणतात, ते नाव खोडा आणि पुढे चला. ती ओळ मी निवडते आणि तशीच सोडते, पुसवत नाही. सोबतच्या पेन ड्राइव्हवर सगळं काम आहे. वाच, चुका काढ, ते तुला आवडतंच. होकार दे, नाहीतर तुझं नाव तुझ्या हाताने काढ, माझ्याने ते व्हायचं नाही. थांबायची मर्यादा मशीनला घातली, स्वतःला घालता आलेली नाही. हो लिही, नाही लिही, पण लिही.

तुझीच,
भुणभुण