आईशेजारची जागा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, धंदा शिवणकाम, अविवाहित, वय सत्तरीच्या पलीकडे, आज रविवारची उपासना आटोपून, जेवून आणि चष्मा पुसून हे मृत्युपत्र लिहायला बसले आहे. आमच्या चर्चच्या मंडळीत मला सगळे शिवणबाई म्हणतात. नावाने हाक मारणारी माणसे संपली, म्हणून नाव सहीपुरते ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी मानगुटीवर बसून हे लिहवून घेत नाही, आणि मी जिवंत आहे. शेवटची बाब सहसा कोणी लिहीत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. मला लिहावी लागते, कारण गेल्याच महिन्यात भर उपासनेत मी गेल्याचे जाहीर झाले होते.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. त्यात मिळकत थोडी आणि राग फार होता.

घर, मशीन, भांडीकुंडी यांची व्यवस्था खाली केली आहे. पण खरा प्रश्न एकाच जागेचा आहे. चर्चच्या मागच्या दफनभूमीत माझ्या आईच्या शेजारी एक जागा उरली आहे. त्यापलीकडे भिंत. आता कोणी गेले की त्याला गावाबाहेरच्या नव्या दफनभूमीत नेतात, तिथे अजून झाडही लागलेले नाही. आईशेजारची ती जागा मला हवी होती आणि माझ्या धाकट्या भावालाही हवी होती. तिच्यावरून आम्ही एकाच जिन्याच्या वर आणि खाली राहून बोलणे टाकले. तो अबोला किती वर्षांचा झाला हे मोजायला बसले नाही, पण त्या काळात भावाची मुलगी शाळेत गेली, शिकली आणि नोकरीला लागली.

कलम पहिले, घर. आमच्या वडिलांनी वरचा मजला मला आणि खालचा भावाला दिला, जिना दोघांचा. माझा वरचा मजला मी माझ्या भाचीला, म्हणजे वर सांगितलेल्या भावाच्या मुलीला देते. जुन्या मृत्युपत्रात तो मंडळीला दिला होता आणि कमिटीने तिथे सभा भरवण्याचे बेत सुरू केले होते, असे कानावर आहे. कमिटीची सभा ज्यांनी एकदा तरी ऐकली आहे त्यांना कळेल, की ती भावाच्या डोक्यावर भरावी ही योजना मी कोणत्या मनःस्थितीत केली असेल. कमिटीने राग मानू नये. भाचीने आम्हा दोघांत निरोप्याचे काम केले आहे. मी म्हणायचे, "सांग तुझ्या बापाला, नळ गळतोय." तो खालून म्हणायचा, "सांग तुझ्या आत्याला, मी बहिरा नाही." पोरीने कधी तोंड वाकडे केले नाही, आणि निरोपातले तिखट तेवढे जिन्यातच सांडून येत असे. घर तिचेच.

कलम दुसरे, धंद्याच्या वस्तू. शिलाई मशीन महिला मंडळाला द्यावी. तिला तेल दर पंधरा दिवसांनी लागते, उपदेश लागत नाही. मोठी कात्री फुलवालीला. फुलवाली म्हणजे जी दर शनिवारी वेदीवर फुले मांडते ती. विकत नाही, पण नाव पडले ते पडले. कात्रीने कापड सोडून काहीही कापू नये. देठ कापले तर मी कुठेही असले तरी मला कळेल.

वेदीवरच्या चादरी धुण्याचे आणि इस्त्रीचे काम माझ्यामागे जी करील तिच्यासाठी: भरतकाम पालथे घालून आतल्या बाजूने इस्त्री करावी, म्हणजे ते दबत नाही. प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा डाग पडला तर लगेच थंड पाणी. गरम पाण्याने तो कायमचा बसतो. माझ्या डोळ्यांसमोर उपासना चालवणारे पाळकसाहेब चार वेळा बदलले. हात प्रत्येकाचा त्याच ठिकाणी हलतो.

गायनमंडळाचे झगे मीच शिवले आहेत. ते घट्ट झाल्याची तक्रार वारंवार येते. झगे आटलेले नाहीत.

कलम तिसरे, बँकेतली शिल्लक. जे काही असेल ते उपासनेनंतरच्या चहासाठी वापरावे. हा चहा पिऊन आमची मंडळी सहनशीलता शिकली, हे मान्य. तरी पुढच्या पिढीला ती दुसऱ्या एखाद्या मार्गाने शिकवावी.

कलम चौथे, माईक. भाऊ वीजकाम करायचा. चर्चमधली आवाजाची यंत्रणा त्याच्या हाती आहे. मागच्या बाकावर बसून तो बटणे फिरवतो. अबोला झाल्यापासून गायनमंडळातला माझ्या पुढचा माईक तो बारीक ठेवी. मी दुसऱ्या आवाजात, म्हणजे मुख्य चालीच्या खालच्या सुरात गाते. तो आवाज नसला तर गाणे पातळ होते, हे त्यालाही कळते, कारण लहानपणी आईच्या दोन बाजूंना उभे राहून आम्ही दोघेही तेच शिकलो. माईक बारीक झाला म्हणून मी मोठ्याने गाऊ लागले. त्यामुळे माझा आवाज सुधारला. याबद्दल मी त्याच्यावरचा दावा सोडून देते.

कलम पाचवे, मास्तर. यांना मी काही देत नाही. साक्षीदाराला काही मिळता कामा नये असा कायदा आहे म्हणून वकीलसाहेबांनी तसे सुचवले. द्यायचे माझ्या मनात नव्हतेच. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, दर रविवारी सूचना आणि प्रार्थनेची नावे वाचणारे. घडले ते असे.

आमच्या मंडळीत मरत कोणी नाही. माणूस 'प्रभूत झोपी जातो'. सूचनेत तसेच वाचतात, दगडावर तसेच कोरतात. आधी आजाऱ्यांची नावे, मग प्रवासाला गेलेल्यांची, मग झोपी गेलेल्यांची. त्या रविवारी मला ताप होता. फुलवाली सकाळी इस्त्रीची चादर न्यायला आली, तिने मला पाहिले, चादर उचलली आणि दार ओढून गेली. चर्चच्या दारात मास्तरांनी तिला माझ्याबद्दल विचारले. ती म्हणाली, "शांत झोपल्यात. मी उठवलं नाही." ज्या माणसाने जन्मभर मुलांना वाक्याचा अर्थ लावायला शिकवले, त्याने दुसऱ्या वाक्यापाशी थांबायला हवे होते. मास्तरांनी चष्मा काढला आणि प्रभूची इच्छा म्हणाले. फुलवालीही प्रभूची इच्छा म्हणाली, कारण आमच्याकडे पाऊस लांबला तरी तेच म्हणतात.

मग माझे नाव वाचले गेले. मंडळी उभी राहिली. फुलवाली आत फुलांचे पाणी बदलत होती, तिला काही कळले नाही. गायनमंडळातली माझी जागा कोणी घ्यायची याची कुजबुज शेवटच्या गीताआधीच सुरू झाली, हे मला नंतर तिघींनी वेगवेगळे येऊन सांगितले, प्रत्येकीने दुसरीचे नाव घेऊन. भाऊ मागच्या बाकावरून उठला आणि बटणे तशीच सोडून बाहेर गेला. यंत्रणेने किंकाळी फोडली. तिला हात लावायची कोणाची छाती झाली नाही, म्हणून शेवटी वायर उपटली आणि पाळकसाहेबांनी माईकशिवाय उपदेश केला. मागच्या रांगांना तो ऐकू आला नाही. त्याबद्दल अजून तरी कोणाची तक्रार नाही.

मला जाग आली ती जिन्यावरच्या पावलांनी. पावले मी ओळखली. ती वर येण्याचे कारण कळेना म्हणून मी डोळे मिटूनच पडून राहिले. तो माझ्या शिवणाच्या स्टुलावर बसला.  मग हलक्या आवाजात म्हणाला, "आईशेजारी सांगून आलोय, ताई. तुझीच जागा ती."

मी डोळे उघडून विचारले, "कोणाला सांगून आलास?"

तो स्टुलावरून पडला नाही, पण स्टूल पडले. घाबरून झाल्यावर तो चिडला, जे त्याचे लहानपणापासूनचे आहे. म्हणाला, चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचलं. मी म्हटले, मला कोणी विचारलं नव्हतं. मग तो भिंतीकडे तोंड करून रडला, आणि मलाही रडू आले. ताप होता, पण त्याचे खापर मी तापावर फोडणार नाही. त्याने पाणी तापवून दिले. चहा मागितला असता तर तोही केला असता, पण त्याच्या हातचा चहा मला आठवतो.

कलम सहावे, दफन. वाद कसा सुरू झाला हे नमूद करणे भाग आहे. आईला मातीत ठेवून झाल्यावर खणणाऱ्याने उरलेली जागा काठीने मापली आणि सवयीने विचारले, पुढची कोणाची. आम्ही दोघे एकदमच "माझी" म्हणालो. आई अजून नीट झाकलीही नव्हती. तिला शेवटच्या आजारात मी सांभाळले होते, हे माझे म्हणणे. मुलगा मी आहे, हे त्याचे. तेव्हाचे पाळकसाहेब दोघांच्या मध्ये उभे राहून प्रार्थना करत होते आणि आम्ही त्यांच्या डोक्यावरून भांडत होतो. सगळी मंडळी पाहत होती. त्यानंतर दर रविवारी आम्ही एकाच दाराने आत गेलो, एकाच भाकरीतले तुकडे घेतले आणि वेगवेगळ्या वेळी बाहेर पडलो.

मी गेले असे कळताच तो घरी यायच्या आधी खणणाऱ्याकडे गेला होता, हे त्याने मला सांगितले तेवढेच. बाकीचे खणणाऱ्याने सांगितले. तो म्हणाला, "भाऊ आले, भिंतीजवळ उभे राहिले आणि म्हणाले, इथे खण. मी विचारलं, मग तुम्ही? ते म्हणाले, मला टाका कुठेही." खणणारा कामाचा माणूस. मी जिवंत असल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत तो कमरेइतका खाली गेला होता.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर मी मागे गेले. ताप उतरला होता, पायात जोर नव्हता. भाऊ आधीच येऊन उभा होता. खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या. खणणाऱ्याने विचारले, बुजवू की ठेवू, आणि ठेवायचा तर कोणाचा. मी म्हटले, याचा. भाऊ म्हणाला, हिचा. मी म्हटले, तू मुलगा आहेस. तो म्हणाला, सांभाळलं तू. ज्या दोन गोष्टींवरून इतकी वर्षे भांडलो त्याच आता अदलाबदल करून भांडत होतो, आणि आवाज तेवढेच चढले होते. चहाचे कप घेऊन अर्धी मंडळी कुंपणाशी आली. मास्तरही होते, पण त्या दिवशी ते काहीच जाहीर करत नव्हते.

खणणारा काठीला टेकून ऐकत होता. शेवटी कंटाळून म्हणाला, "अहो, जमीन चांगली आहे. आणखी खाली जातो. एक खाली, एक वर. पूर्वी असंच करायचे." हे इतक्या वर्षांत त्याने का सांगितले नाही, असे मी विचारले. तो म्हणाला, कोणी विचारलंच नाही. पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे होकार दिला आणि तो त्यांनी लेखीही द्यावा, अशी माझी या कागदाद्वारे विनंती आहे.

तेव्हा ठरले ते असे. आईशेजारची जागा आम्हा दोघांची. जो आधी जाईल तो खाली. दुसऱ्याने नंतर कोणतीही कुरबुर न करता वर यावे. दगड एकच असावा. त्यावर 'झोपी गेले' असे कोरू नये. 'मरण पावले' असे स्पष्ट लिहावे.

व्यवस्था पाहण्याचे काम भाचीने करावे.

एवढे ठरल्यावर खणणाऱ्याने पुन्हा विचारले, की मग आत्ता या खड्ड्याचे काय करू, उघडा ठेवला तर पाणी साठेल. मी काही बोलायच्या आत भावाने खाली वाकून फळी बाजूला केली आणि म्हणाला, "बुजवून टाक. आम्हाला घाई नाही."

त्याने 'आम्हाला' असे म्हटले. मी शेजारीच उभी होते, मला स्पष्ट ऐकू आले. हा शब्द त्याने स्वतःहून आणि साक्षीदारांसमक्ष वापरला, याची नोंद घेण्यात यावी.

लिहून ठेवणार: (सही)

वरील मृत्युपत्र लिहून ठेवणारीने आम्हा दोघांसमक्ष वाचून, समजून सही केली. तिच्यासमक्ष आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार पहिला: मास्तर, सूचना वाचणारे (सही)
साक्षीदार दुसरा: दफनभूमीचा खणणारा (सही)

ठिकाण: राहते घर, वरचा मजला, मशीनची खोली.
वार रविवार, उपासनेनंतर. तारीख वकीलसाहेबांच्या शिक्क्याखाली.